मागे कोणी नाही

त्या शनिवारी दुपारी पिछाडी ऑफिसात बसून बुटांची मापं लिहून घेत होता. हिमालयाची सहल निघायला सहा आठवडे राहिले होते आणि सोळापैकी निम्म्या मंडळींनी अजून बूट घेतलेच नव्हते. एका काकांनी तर विचारलं होतं की देवळात चपला काढायच्याच असतात, मग बूट हवेत कशाला. त्यांना फोनवर समजावता समजावता पिछाडीचा चहा गार झाला होता.

पिछाडी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. डोंगरात माणसं रांगेने चालतात, तेव्हा एक जण सगळ्यांत पुढे असतो आणि एक सगळ्यांत मागे. पुढचा म्हणजे मास्तर. ते पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे, आणि शाळा सुटली तरी आवाज काही सुटला नव्हता. मागचा म्हणजे हा. गेली अकरा वर्षं हा शेवटी चालत होता, म्हणून पिछाडी. घरी बायकोसुद्धा तीच हाक मारायची, आणि लग्नातही हा माझ्या मागेच होता असं वर सांगायची.

शेवटच्या माणसाचा नियम एकच. काही झालं तरी कोणाच्या पुढे जायचं नाही. कोणी धाप लागून बसलं, कोणी आडोशाला गेलं, कोणी फोटो काढत रेंगाळलं, तर त्याच्या मागे उभं राहायचं. चढ संपला की मास्तर पुढून ओरडायचे, "मागे?" मग पिछाडीने वळून नीट बघायचं आणि उत्तर द्यायचं, "मागे कोणी नाही." ते उत्तर आल्याशिवाय रांग हलत नसे. लोकांना ते पोरखेळ वाटे. पण त्या तीन शब्दांवर सोळा माणसांचे जीव टांगलेले असत, हे मास्तरांना ठाऊक होतं आणि पिछाडीलाही.

ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी यंदाची सहल मोठ्या हौसेने आखली होती. पहिले चार दिवस वरची दोन देवळं, मग तळ्याकाठी तंबू, मग खिंड, आणि ज्यांची हाडं शाबूत राहतील त्यांच्यासाठी शेवटी नदीतली होडी. त्यामुळे गटात उघड दोन तट पडले होते. पुण्य कमवायला निघालेले आणि पाय मोडून घ्यायला निघालेले, असं मास्तर म्हणायचे. नकाशा भिंतीवर लावला होता आणि त्यावर लाल पेन्सिलीने मार्ग काढला होता. खिंडीपाशी पेन्सिल किंचित थांबली होती, कारण तो मार्ग पिछाडीने काढला होता.

चारच्या सुमारास एक बाई आत आली. पस्तिशी ओलांडलेली, केस घट्ट बांधलेले, गळ्यात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेचं ओळखपत्र. तिने फॉर्म मागितला, उभ्या उभ्याच भरला आणि टेबलावर सरकवला. पिछाडीने आडनाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

"तुम्हीच शेवटी चालत होतात ना, गेल्या वर्षी?" तिने विचारलं.

"हो."

"खिंडीत हरवला, त्याची मी मोठी बहीण."

पिछाडीने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"भांडायला आलेले नाही मी. भांडायचं असतं तर तेव्हाच आले असते. आई अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर हातचं राखून बोलतात, पण आम्हाला कळायचं ते कळतं. तिने घरात त्याचा फोटो लावू दिलेला नाही. म्हणते, जन्मभर कुणाचं ऐकलं नाही त्याने, तिथेही ऐकलं नाही. तुमच्या अहवालात तसंच आहे ना... सूचना न पाळता रांग सोडून गेला."

"हो, तसंच आहे."

"तो असा का गेला, ते मला ती जागा बघून समजून घ्यायचं आहे. आईला काहीतरी सांगता यायला हवं. ती रागातच जायला नको." तिने नकाशावरच्या खिंडीकडे पाहिलं. "तुम्ही मागे वळून पाहिलं होतं ना?"

"पाहिलं होतं, ताई," पिछाडी म्हणाला. "मागे कोणी नव्हतं."

आता खरं काय ते सांगून टाकतो, कारण पिछाडीने ते तोवर कोणालाही सांगितलं नव्हतं. खिंडीच्या ऐन चढावर त्या मुलाच्या बुटाची लेस सुटली होती. तो चालला की लेसच्या टोकाची धातूची टोपी दगडावर टक टक वाजायची. तो थांबला आणि म्हणाला, "दादा, लेस बांधतो, दोन मिनिटं." पिछाडीची बोटं गारठली होती, वारा कान फाडत होता, आणि वर गरम पाणी मिळणार होतं. तो म्हणाला, "बांध आणि ये मागून." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो कोणाच्यातरी पुढे गेला. वर पोचला तोच मास्तरांचा आवाज आला, "मागे?" एक जण मागे आहे म्हणावं, तर मास्तर सगळ्यांसमोर खरडपट्टी काढणार. मुलगा दोन मिनिटांत येईलच. त्याने न वळता उत्तर दिलं. रांग पलीकडच्या उतारावर उतरू लागली, आणि पाठोपाठ धुकं आलं. धुक्यामागून बर्फ आलं.

पाच दिवस शोध घेतला. काही मिळालं नाही. अहवालाखाली सही पिछाडीची होती.

मॅडमचा एक दंडक होता. डोंगरात न्यायच्या माणसांना आधी सहा रविवार जिना चढायला लावायचा. ऑफिस ज्या इमारतीत तळमजल्यावर होतं, ती अकरा मजली होती. सकाळी सात वाजता पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक घ्यायची, एका रांगेत गच्चीपर्यंत चढायचं, लिफ्टने खाली यायचं, आणि मग रस्त्यावर पुन्हा रांग करून तलावापर्यंत चालत जायचं. गच्चीवर मास्तर हाक द्यायचे आणि पिछाडी उत्तर द्यायचा, म्हणजे लोकांना सवय होते. पिछाडी नारिंगी जाकीट घालायचा. ती त्याच्या जागेची खूण होती.

जिन्याला खिडकी नव्हती. प्रत्येक मजल्यावर एक बटण होतं. ते दाबलं की दिवा लागायचा आणि मिनिटभराने आपला आपण विझायचा. भिंतींना ओल होती, पायऱ्यांना फिनेलचा वास होता. बाहेर सकाळ कितीही लख्ख असली तरी आत वेळ कळत नसे.

पहिल्या रविवारी ताई आपणहून शेवटून दुसरी उभी राहिली, पिछाडीच्या अगदी पुढे. सहाव्या मजल्यावर पुढची मंडळी धापा टाकत थांबली आणि जिना शांत झाला. तेव्हा पिछाडीला खालून आवाज आला.

टक... टक...

पाच मजले खाली असेल. बारीक, कोरडा आवाज, पावलागणिक एक. कोणी भाडेकरू चढत असेल, असं त्याने मनाला सांगितलं. पण भाडेकरू जवळही येईना आणि कुठल्या मजल्यावर बाहेरही पडेना. रांग हलली की तो हले, रांग थांबली की तो एक पायरी उशिरा थांबे. गच्चीवर पोचल्यावर मास्तर ओरडले, "मागे?"

"मागे कोणी नाही," पिछाडी म्हणाला. वळून मात्र त्याने पाहिलं नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या रविवारी आवाज चार मजले खाली होता. तिसऱ्या रविवारी तीन. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दर रविवारी गच्चीवर आपण ते तीन शब्द बोलतो, आणि दर रविवारी ते एका मजल्याने जवळ येतं. त्या दिवशी घरी आल्यावर तो जेवला नाही. बायकोने पाहिलं की तो घरात भिंतीला पाठ लावून बसतो, आणि स्वयंपाकघरात जातानाही तिला आपल्या मागे चालायला लावतो. तिने विचारलं, "कोणाचं देणं लागतोस की काय?" तो म्हणाला, "नाही गं, झोप नाही झाली."

सोमवारी तो मॅडमकडे गेला आणि यंदा मला जमणार नाही म्हणाला. मॅडमनी चष्मा काढला. आयत्या वेळी दुसरा माणूस कुठून आणू, म्हणाल्या. आणि गेल्या वर्षीच्या त्या प्रकारानंतर तुम्ही ऐनवेळी मागे हटलात, तर लोक काय समजतील, हेही म्हणाल्या. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी पिछाडीची गत झाली होती.

चौथ्या रविवारी आठव्या मजल्यावर दिवा विझला. पिछाडी भिंतीवर बटण चाचपत होता. दोनच मजले खाली, टक... टक... आणि सोबत ओल्या लोकरीचा वास. ताईने अंधारातच विचारलं, "तुम्ही मागे का बघत नाही?"

"काय?"

"चार रविवार झाले. मास्तर विचारतात, तुम्ही उत्तर देता. वळून एकदाही बघत नाही. नियम आहे ना तो?"

बटण सापडलं. दिवा लागला. ती त्याच्याकडेच बघत होती. प्रयोगशाळेत काचपट्टीवरचं रक्त बघत असेल तशी, घाई न करता.

"मागे कोणी नाही हे माहीत असतं मला," तो म्हणाला.

"कसं?"

उत्तराऐवजी त्यानेच विचारलं, "तुम्हाला... काही ऐकू येतं का, ताई?"

"मला माझा श्वास ऐकू येतो," ती म्हणाली आणि चढू लागली. चार पायऱ्या चढल्यावर न वळता म्हणाली, "आईने कालपासून अन्न सोडलंय, नुसत्या पाण्यावर आहे. मी सहलीला येईन की नाही, ते आता सांगता येत नाही."

त्या रात्री पिछाडीला झोप लागली नाही. खरं सांगितलं तर काम जाणार, मास्तरांचं तोंड काळं होणार, कदाचित पोलीसही येतील. नाही सांगितलं तर एक म्हातारी आपल्या मेलेल्या लेकावर रुसूनच मरणार. तो मनाने वाईट माणूस नव्हता. पण भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला वाईट व्हायला फार कष्ट पडत नाहीत. पाचव्या रविवारीही तो काही बोलला नाही. गच्चीवर त्याने उत्तर दिलं तेव्हा आवाज एकच मजला खाली होता.

सहावा रविवार शेवटचा. सगळे खुशीत होते. बूटवाले काका नवे बूट घालून आले होते आणि दर मजल्यावर ते सगळ्यांना दाखवत होते. मास्तरांनीही आज कोणाला झापलं नाही. पिछाडी सर्वांत शेवटी जिन्यात शिरला आणि पहिल्याच वळणावर त्याला कळलं की आज ते खाली नाही. ते त्याच्याच जिन्यावर, चार पायऱ्या मागे होतं.

टक. टक. टक.

तिसऱ्या मजल्यावर तीन पायऱ्या मागे. सहाव्या मजल्यावर दोन. त्याची मान आखडली. घाम कपाळावर येत होता आणि तिथेच गार पडत होता. वास इतका दाट झाला की फिनेल हरवून गेलं. नवव्या मजल्याच्या वळणावर दिवा विझला आणि आवाज थांबला. अगदी मागच्याच पायरीवर. त्याच्या मानेच्या मागे, कॉलरच्या वर, कोणीतरी श्वास सोडला. तो श्वास थंड होता.

काही मागितलं नाही त्याने. नुसता थांबला होता, सांगितल्याप्रमाणे.

"ताई," पिछाडी म्हणाला. "ताई, थांबा जरा..."

ती थांबली. पुढच्यांची पावलं वर वर जात राहिली. त्या अंधारात, भिंतीला धरून, त्याने सगळं सांगितलं. लेस, वारा, गरम पाणी, मास्तरांची भीती, अहवाल, सही. कुठेही स्वतःला सावरून घेतलं नाही. संपलं तेव्हा तो रडत होता, आणि रडण्याची त्याला लाज वाटत होती.

मग तिने बटण दाबलं. तिचा चेहरा कोरडा होता.

"म्हणजे तो रांगेतच होता."

"हो."

"थांबला तेव्हा सांगून थांबला होता."

"विचारून थांबला होता, ताई. मीच मागून ये म्हणालो."

तिने सॅकमधून फोन काढला आणि घरी लावला. तिकडे शेजारची बाई असावी. "आईच्या कानाशी धरा," ताई म्हणाली, आणि मग हळू, एकेक शब्द वेगळा करून, "आई, तो रांग सोडून गेला नव्हता. रांगेतच होता. लेस सुटली म्हणून थांबला. हो... विचारून. विचारून थांबला, आई. त्याने ऐकलं होतं."

फोनमधून काही शब्द आले नाहीत. नुसता एक आवाज आला. म्हातारं माणूस वर्षभर दाबून ठेवलेलं रडू सोडतं तेव्हा येतो तसा. ताई तो संपेपर्यंत फोन कानाशी धरून उभी राहिली.

फोन ठेवल्यावर ती पिछाडीला म्हणाली, "हे मी आईसाठी केलं. तुम्हाला मी माफ करणार नाही. आज नाही, पुढेही नाही. सोमवारी मॅडमना तुम्ही स्वतः सांगायचं."

"सांगतो."

"चला आता. वर वाट बघतायत."

पण पिछाडीने कठडा धरला. तो पायरीवर बसला. मागे कसलाही आवाज नव्हता, वास नव्हता, श्वास नव्हता. सहा रविवारांत पहिल्यांदा त्याची पाठ मोकळी होती. त्याला वाटलं, सुटलो.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी येतो मागून, दोन मिनिटांत."

ताई एका पायरीवर थबकली. मग चढून गेली. तिची पावलं दहाव्यावर गेली, अकराव्यावर गेली. तिच्या पावलांमागे आणखी एक पाऊल वाजत होतं, असं त्याला वाटलं. पण दमलेल्या माणसाला बरंच काही वाटतं. दिवा विझला. वर गच्चीचं दार करकरलं आणि मास्तरांचा आवाज जिन्यातून घुमत खाली आला.

"मागे?"

पिछाडीने तोंड उघडलं. तेवढ्यात वरून, ताईच्या पाठोपाठच्या जागेवरून, उत्तर गेलं.

"मागे कोणी नाही."

थोडा घोगरा, शेवटचा शब्द किंचित ओढलेला आवाज. तो त्याचा स्वतःचा आवाज होता.

"शाबास," मास्तर म्हणाले. "सगळे आले. चला लिफ्टकडे."

पिछाडी ओरडला. निदान त्याला वाटलं की आपण ओरडलो. दार बंद झालं. भिंतीपलीकडे दोन्ही लिफ्ट घरघरत खाली गेल्या, आणि जाता जाता आतल्या हसण्याचा आवाज नवव्या मजल्यावरून सरकून गेला. तो उठला. बटण सापडेना. अंधारात गुडघे आपटत, कठडा धरत, दोन मजले तो कसाबसा चढला आणि दार ढकलून गच्चीवर आला. बाहेर लख्ख ऊन होतं. गच्ची रिकामी होती.

तो कठड्यापाशी धावला. अकरा मजले खाली रस्त्यावर मास्तर रांग लावत होते. सगळ्यांत पुढे मास्तर, मग बूटवाले काका, मग बाकीचे, मग ताई. आणि ताईच्या मागे नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस. पिछाडीने खाली मान घालून स्वतःकडे पाहिलं. जाकीट त्याच्या अंगात होतं.

"मास्तर," तो ओरडला. "मास्तर, मी इथे आहे... मी मागे राहिलोय..."

कोणी वर पाहिलं नाही. फक्त ताईने पाहिलं. तिने मान वर केली, उन्हासाठी कपाळावर हात धरला, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला तो दिसत होता, याबद्दल त्याला शंका राहिली नाही. त्याने दोन्ही हात हलवले. मास्तर तिच्याजवळ आले, वर बोट करून त्यांनी काहीतरी विचारलं.

ताईने नकारार्थी मान हलवली.

मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि रांग तलावाकडे निघाली. ताईने मात्र आपली जागा सोडली. ती रांगेच्या शेवटी गेली, वाकून त्या माणसाच्या बुटाची सुटलेली लेस बांधली, त्याचा हात हातात घेतला, आणि दोघं इतरांच्या बरोबरीने चालू लागली.